दहा युरोंची पत

व्हिएन्नातल्या एका बाईंना मोबाइलचा करार हवा होता. बिल महिन्याला १० युरो. तिथल्या बऱ्याशा कॅफेत दोन कॉफ्या घेतल्या की एवढे पैसे उडतात. तरी मोबाइल कंपनीने त्यांना नकार दिला. कारण काय, तर संगणकाने केलेल्या तपासणीत तुमची आर्थिक पत पुरेशी भरत नाही. ही तपासणी मोबाइल कंपनीने स्वतः केलेली नव्हती. लोकांची पत मोजून ते मोजमाप विकणं हाच जिचा धंदा, अशा डन अँड ब्रॅडस्ट्रीट ऑस्ट्रिया या कंपनीकडून निकाल आयता आला होता.

बाई चिवट निघाल्या. माझी पत मोजलीत ती कशी, एवढं एकच त्या विचारत राहिल्या. ऑस्ट्रियाच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला सांगितलं, यांना कळेल असं समजावून सांगा. कंपनीने धंद्याच्या गुपिताचं कारण पुढे केलं, वरच्या कोर्टात गेली आणि तिथे हरली. पण खरी गंमत पुढेच आहे. कंपनीने बाईंना जी काही माहिती दिली, ती वाचली तर त्यांची पत विशेष चांगली असायला हवी होती. कागदावर पत उत्तम आणि हिशेबात मात्र महिना १० युरोंच्याही लायकीची नाही! ही विसंगती व्हिएन्नाच्या प्रशासकीय न्यायालयालाही खटकली आणि प्रकरण लक्झेंबर्गला, युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं. खटल्याचा क्रमांक सी-२०३/२२. निकाल २७ फेब्रुवारी २०२५ रोजी लागला. तो काय लागला ते पुढे येईलच. आधी असं होतंच कसं ते पाहू, कारण ही वेळ फक्त त्या बाईंवर आलेली नाही. पगार वेळेवर होतो, कुणाचं देणं थकलेलं नाही, ॲपवर स्कोअर हिरव्या पट्ट्यात दिसतो आणि फोनच्या दुकानात मात्र नकार मिळतो, असे लोक ब्रिटनमध्येही भरपूर भेटतात. त्यांत भारतातून नव्याने गेलेले बरेच असतात.

मराठीत पत आणि ऐपत असे दोन वेगळे शब्द आहेत, ते इथे फार उपयोगी पडतात. ऐपत म्हणजे तुमच्याकडे किती आहे. पत म्हणजे समोरचा तुमच्यावर किती भरवसा ठेवतो. गावातल्या पतसंस्थेत गेलात तर पगाराची चिठ्ठी ऐपत सांगते आणि दोन जामीनदार पत सांगतात. जामीनदार तुम्हाला ओळखत असतो, संस्थेचा संचालक जामीनदाराला ओळखत असतो. ब्रिटनमधल्या फोनच्या दुकानात यातलं कुणीच नसतं. तिथे जामीनदाराचं काम एका फाइलवर सोपवलेलं असतं, आणि ती फाइल तुम्हाला चेहऱ्याने ओळखत नाही.

सांगलीहून लीड्सच्या सरकारी रुग्णालयात नोकरीला गेलेली एक नर्स डोळ्यांसमोर आणा. तिला जाऊन सात महिने झालेत. एका शनिवारी ती नवा फोन घ्यायला दुकानात जाते. हजार पौंडांच्या घरातला फोन, दोन वर्षांचा करार. काउंटरवरचा पोरगा नाव, जन्मतारीख, गेल्या तीन वर्षांचे पत्ते आणि बँक खात्याचा क्रमांक टाइप करतो, आणि काही सेकंदांत पडद्यावर नकार उमटतो. ती कारण विचारते. पोरगा म्हणतो, मला दिसत नाही. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या पडद्यावर मंजूर, नामंजूर किंवा वर पाठवा, एवढंच येतं.

ती ॲप उघडून आपला स्कोअर त्याला दाखवते. इथेच बहुतेकांची फसगत होते. ब्रिटनमध्ये पतमाहिती ठेवणाऱ्या मोठ्या संस्था तीन आहेत: एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन. तिघींच्या मोजपट्ट्या वेगळ्या. एक्स्पेरियनची अनेक वर्षं ९९९ वर संपत असे, इक्विफॅक्सची आधी ७०० वर आणि मग १००० वर, ट्रान्सयुनियनची ७१० वर. म्हणजे ७०० गुण एकीकडे जवळजवळ पैकीच्या पैकी आणि दुसरीकडे बेताचे. शिवाय ॲपवर दिसणारा हा आकडा ग्राहकाला दाखवण्यासाठीच काढलेला असतो. फोन कंपनी तो पाहतही नाही. ती संस्थेकडून फाइलमधला कच्चा माल घेते, त्यात तुमच्या अर्जातली माहिती घालते, स्वतःकडे जुना काही व्यवहार असेल तर तोही मिसळते आणि आपल्या गणिताने आपला वेगळा आकडा काढते. हे गणित प्रत्येक कंपनीचं निराळं. त्यामुळे एका दुकानात नकार मिळालेल्या माणसाला रस्त्यापलीकडच्या दुकानात त्याच दिवशी फोन मिळू शकतो. सगळ्या कंपन्यांकडे एक काळी यादी असते आणि आपलं नाव तिच्यात गेलं, ही समजूत तिथे फार पसरलेली आहे. तशी यादी नाही.

मग गणिताला हवं तरी काय असतं? घरकर्ज देणारी बँक पुढच्या पंचवीस वर्षांचा विचार करते आणि घर गहाण ठेवून घेते. फोन कंपनीच्या हातात गहाण काहीच नसतं. दुकानातून बाहेर पडलेला फोन तासाभरात दुसऱ्या कुणाच्या खिशात जाऊ शकतो, जवळजवळ रोख रकमेसारखा. म्हणून तिची पहिली भीती असते ती पहिला हप्तासुद्धा न भरता गायब होणाऱ्याची. ब्रिटनमध्ये ओटू या कंपनीने २०१३ मध्ये फोनची किंमत आणि बोलण्याचं भाडं वेगळं केलं, पुढे इतरांनीही केलं. फोनची रक्कम आता बऱ्याच ठिकाणी सरळसरळ कर्ज म्हणूनच लिहिली जाते. पण गणितामागची भीती जुनीच राहिली. समोरचा हप्ता फेडू शकेल का, हा प्रश्न तिथे दुसरा येतो. पहिला प्रश्न असा की समोरचा तोच आहे का, जो तो असल्याचं सांगतोय.

आता सांगलीच्या नर्सकडे पुन्हा पाहा. पासपोर्टवर तिचं नाव मराठी पद्धतीचं आहे: स्वतःचं नाव, त्यापुढे वडिलांचं, मग आडनाव. बँकेने खातं उघडताना वडिलांच्या नावाचं एक आद्याक्षर करून टाकलं. रुग्णालयाच्या पगारपत्रकात ते पूर्ण आहे. वीज कंपनीच्या बिलावर ते अजिबात नाही. आपल्याला ही एकाच बाईची तीन पत्रं वाटतील. जुळवाजुळव करणाऱ्या संगणकाला त्यात दोन किंवा तीन बायका दिसू शकतात.

पत्त्याची कथा तर आणखी वरची. ती राहते ते घर विटांचं, जुनं, आतून तोडून त्याचे तीन फ्लॅट केलेले. दारावर पितळी अक्षरांत १४ बी लिहिलंय. घरमालकाच्या करारनाम्यात फ्लॅट २, घर क्रमांक १४ आहे. पोस्टाची म्हणजे रॉयल मेलची जी पत्त्यांची अधिकृत यादी आहे, तीत कदाचित पहिला मजला, १४ असेल. बँकेने यादीतला पत्ता उचलला, दुकानात तिने दारावरचा सांगितला. पिनकोड एकच, दार एकच, पण फाइल सापडेना. फाइल सापडली नाही की गणिताच्या लेखी ती बाई कोरी. आणि कोऱ्या माणसाला कमी गुण. अशा नकारात तिच्या पगाराचा प्रश्न कुठेच आलेला नसतो.

कोरेपणाचं हे कलम आपल्या लोकांना विशेष टोचतं. डोक्यावर कुणाचं एक पैशाचं कर्ज नाही, हे मराठी मध्यमवर्गीय घरात अभिमानाने सांगायचं वाक्य आहे. ब्रिटनच्या गणितात तोच दोष ठरतो, कारण कधी उधार घेतलंच नाही तर परत करता की नाही ते कळणार कसं? स्वतःचं घर फेडून झालेला, क्रेडिट कार्ड कधी न वापरलेला सत्तरीतला इंग्रज म्हातारासुद्धा याच कारणाने अडतो, मग सात महिन्यांची पाहुणी कशी सुटेल? भारतातला चांगला सिबिल स्कोअर दाखवूनही सहसा काही होत नाही. यात एक विनोद दडलेला आहे. मुंबईचं सिबिल आज ट्रान्सयुनियनच्या मालकीचं आहे आणि लीड्समध्ये ट्रान्सयुनियनचंच ब्रिटनमधलं मुख्यालय आहे. नर्सच्या फ्लॅटपासून बसने जाण्याइतकं जवळ. पण सांगलीतल्या दुचाकीच्या कर्जाचे तिने वेळेवर भरलेले हप्ते त्या इमारतीत पोचत नाहीत.

तिला एक गोष्ट मात्र करता येते आणि ती बहुतेक भारतीयांना कुणी सांगत नाही. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर परवान्यावर राहत असेल तर त्याला तिथे मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. नागरिकत्व लागत नाही. आणि पूर्ण मतदारयादी पाहण्याचा कायदेशीर अधिकार पतमाहिती संस्थांना आहे. हा माणूस खरंच या पत्त्यावर राहतो का, हे ताडून पाहण्यासाठी त्या ती वापरतात. म्हणजे अर्जाची पाच मिनिटं आणि नाव व पत्ता एका सरकारी कागदावर एकत्र. एक आडकाठी आहे. शरद ऋतूत तिथे घरोघरच्या नावांची वार्षिक तपासणी चालते, तेव्हा यादीत दरमहा पडणारी भर थांबते आणि सुधारलेली यादी १ डिसेंबरला येते. सप्टेंबरअखेरीस अर्ज करून ऑक्टोबरात फोन घ्यायला जाणाऱ्याचं नाव यादीत सहसा नसतंच. आपण अर्ज केलाय, मग अजून काय हवं, असं तो दुकानात तावातावाने सांगत असतो.

नकार मिळाल्यावर माणसं जे करतात त्याने बहुधा नुकसानच होतं. त्याच दुपारी दुसऱ्या दुकानात, मग तिसऱ्या, घरी येऊन इंटरनेटवरून चौथीकडे. झालेला नकार फाइलमध्ये लिहिला जात नाही. पण प्रत्येक खऱ्या अर्जाची चौकशी लिहिली जाते आणि ती पुढच्या कंपनीला दिसते. एका शनिवारात चार चौकशा म्हणजे गणिताला एक तर अडचणीतला माणूस दिसतो किंवा चोरलेली ओळख घेऊन फिरणारा. पात्रता नुसती आजमावून पाहण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. तिची नोंद फक्त आपल्याला दिसते, कंपन्यांना दिसत नाही.

स्कोअरमध्ये अजिबात न दिसणारा एक कप्पाही आहे. सिफास नावाची संस्था ब्रिटनमध्ये १९८८ पासून आहे. बँका, विमा कंपन्या, फोन कंपन्या तिच्या सदस्य असतात आणि फसवणुकीचा संशय आलेल्या नावांवर तिथे खूण करतात. अशी खूण सहा वर्षांपर्यंत राहू शकते. थोड्या पैशांसाठी आपलं बँक खातं दुसऱ्याला वापरायला देणारे विद्यार्थी यात सापडतात. त्यांना वाटतं मित्राची रक्कम आली नि गेली, काय बिघडलं? मग खातं बंद होतं, फोनही मिळत नाही, आणि ॲपवरचा स्कोअर तर ठणठणीत! याहून वाईट वाटतं ते दुसऱ्या टोकाच्या माणसाचं. ज्याच्या नावावर कुणी तरी तोतयेगिरी केली, त्याच्या संरक्षणासाठीही तिथेच खूण केली जाते. या नावाचा अर्ज आला तर जास्त तपासा, एवढाच तिचा अर्थ. पण घाईच्या दुकानात जास्त तपासायला वेळ कुणाला असतो? चोरीही त्याच्याकडे झालेली असते आणि नकारही त्यालाच मिळतो. सिफासकडे आपल्या नावावर काय आहे ते फुकट मागवता येतं.

एवढा पहारा करारासाठी. प्रीपेड सिम मात्र ब्रिटनमध्ये सुपरमार्केटात मिळतं आणि कुणी नावसुद्धा विचारत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. साध्या सिमसाठीही ओळखपत्र आणि फोटो, पण पैसे आधी भरलेले असल्यामुळे पत कुणी काढत नाही. भारतात पोस्टपेडवाले तुलनेने थोडे. फोन हप्त्यावर घेणारे लाखो असले तरी ते कर्ज सहसा वित्त कंपनीचं असतं, सिमवाल्याचं नव्हे. म्हणून फोन कंपनीने आपली पत काढावी हा अपमान आपल्या माणसाला तिथे गेल्यावर पहिल्यांदा कळतो.

एकमेकांच्या गिऱ्हाइकांची माहिती वाटून घेण्याची ही चाल तशी जुनी. मँचेस्टरमध्ये १८२६ साली व्यापाऱ्यांनी मंडळ स्थापून पैसे बुडवणाऱ्यांची नावं आपसांत कळवायला सुरुवात केली होती. तिथे निदान नाव घेणारा माणूस ओळखीचा असे. माणसाची जागा आकड्यांनी घेतली ती अमेरिकेत. १९५६ मध्ये बिल फेअर हा इंजिनिअर आणि अर्ल आयझॅक हा गणिती यांनी कॅलिफोर्नियात एकत्र कंपनी काढली. आधीच्या हजारो कर्जदारांत फेडणारे कोण, बुडवणारे कोण, त्यांच्यात कुठल्या गोष्टी सारख्या आढळतात, हे पाहून प्रत्येक गोष्टीला गुण द्यायचे, ही त्यांची रीत. एकाच घरात किती वर्षं राहताय, नोकरी किती वर्षं टिकली, घर स्वतःचं की भाड्याचं. त्या काळच्या गुणपत्रिकांत हमखास विचारला जाणारा आणखी एक प्रश्न होता: घरी टेलिफोन आहे का? असेल तर गुण जास्त. टेलिफोन असलेला माणूस एका जागी राहतो, सापडतो. फोन असेल तर उधारी मिळे. आता उधारीचा पूर्वेतिहास असेल तर फोन मिळतो.

अमेरिकेत कर्ज नाकारलं तर नेमकी कारणं सांगण्याची सक्ती आहे. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्याने एवढं मिळालं की कर्ज नाकारणाऱ्याने कुठल्या संस्थेची फाइल पाहिली तिचं नाव मागितल्यावर सांगायला हवं. मग त्या संस्थेकडून आपली फाइल मागवायची. बरीच वर्षं याला दोन पौंड पडत, मे २०१८ पासून फुकट. फाइलमधली चूक दुरुस्त करायला लावता येते. चूक नसून एखाद्या नोंदीमागे काही वेगळी हकिकत असेल तर २०० शब्दांपर्यंतचं निवेदन फाइलला जोडता येतं. निवेदनाचा एक फायदा कमी लोकांना ठाऊक असतो. ते असलं की अर्ज शक्यतो माणसाच्या टेबलावर येतो, कारण परिच्छेद कसा वाचायचा हे गुणांच्या गणिताला कळत नाही. तोटाही तोच. सगळं सावकाश होतं.

हे सगळं करूनही मूळ प्रश्नाचं उत्तर मिळतंच असं नाही. फाइलमध्ये काय होतं ते कळतं, पण त्यावरून निकाल असा का लागला ते नाही. व्हिएन्नाच्या बाईंचं भांडण नेमकं याच फटीतलं होतं.

लक्झेंबर्गच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. माणसाविषयी संगणकाने परस्पर निर्णय केला असेल तर त्याच्या कुठल्या माहितीचा कसा उपयोग केला, हे त्याला समजेल अशा थोडक्या शब्दांत सांगितलं पाहिजे. गणिताचं लांबलचक सूत्र हातात ठेवणं म्हणजे समजावणं होत नाही. धंद्याचं गुपित असेल तर ते प्राधिकरणापुढे किंवा न्यायालयापुढे ठेवा, तोल त्यांनी पाहावा. गुपित आहे एवढं म्हणून हात झटकता येणार नाहीत. मला या निकालातला सर्वांत पटलेला भाग मात्र एका साध्या सूचनेचा आहे. न्यायालय म्हणतं, अमुक माहिती इतकी वेगळी असती तर निकाल वेगळा लागला असता, असं सांगितलंत तरी ते पुरेसं ठरू शकेल. कुठलीही शाळामास्तरीण मुलाला पेपर परत देताना हेच करते. कुठे गुण गेले ते बोट ठेवून दाखवते.

ब्रिटन २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडलं, त्यामुळे हा निकाल तिथल्या फोनच्या दुकानाला बांधत नाही. कायद्याचं मूळ मात्र एकच आहे, आणि यंत्राने दिलेला निर्णय माणसाने पुन्हा पाहावा अशी मागणी तिथेही करता येते. सांगलीच्या नर्सने ती केली आणि तिला कधी तसं पत्र आलंच, तर त्यात पगाराचा उल्लेखही नसेल बहुधा. दारावरचा पत्ता न लिहिता बँकेतला लिहिला असतात तर, आणि वडिलांचं नाव सगळीकडे सारखं असतं तर, एवढंच असेल.